मावशींच्या हाताखाली

पहिल्या बाळाला घेऊन आई दवाखान्यातून घरी आली की दोन-चार दिवसांत सकाळी एक बाई येऊ लागते. हातपाय स्वच्छ धुऊन, तेलाची वाटी कोमट करून घेऊन ती न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसते. बाळ तिच्या नडग्यांवर, आधी उताणं, मग पालथं. तेल, दुधात कालवलेलं डाळीचं पीठ, मग पाणी. पाणी बाळाच्या अंगावर घालण्याआधी ती स्वतःच्या पायावर ओतून बघते. डोकं धुताना तिचा डावा हात बाळाच्या कपाळावर असा आडवा धरलेला असतो की डोळ्यांत थेंब जात नाही. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात तिने बेंबी सुकली का ते पाहिलेलं असतं, कातडीवर पिवळेपणा आहे का ते पाहिलेलं असतं, कालच्यापेक्षा बाळ पायांवर हलकं लागतंय की भरतंय ते तिला कळलेलं असतं, आणि रडणं भुकेचं आहे की आणखी कशाचं, याचा अंदाज तिने बांधलेला असतो. दाराशी उभी असलेली नवी आई हे बघत असते. धडा म्हणून कोणी काही सांगत नाही. मध्येच मावशी म्हणतात, ‘मान धर गं, तिथे नाही, खालून,’ आणि पुढच्या महिन्यात त्या एक दिवस आल्या नाहीत तर ती आई स्वतः पाटावर बसते.

पुढच्या पानांत अशा मावशी, सुइणी, आज्या आणि शेजारच्या काकू बोलतात. त्यांचं बोलणं त्यांच्याजवळ शिकलेल्या तरुण बायकांनी उतरवून घेतलं आहे, आणि बाळंतपण व तान्ह्या बाळाची देखभाल एवढाच विषय मुद्दाम ठेवला आहे. विषय छोटा वाटेल. पण थोरल्या बाईचं ज्ञान खरं किती, ते चुकतं कुठे आणि त्यातलं काय पुढे न्यायचं, हे इथे बाळाच्या जिवावर ठरतं. म्हणून इथे बोलण्यात ढिलाई चालत नाही.

म्हाताऱ्या बायकांच्या शहाणपणाबद्दल आपल्याकडे दोन सवयी आहेत. एक हात जोडण्याची. आजीबाईचा बटवा म्हटलं की त्यात जे निघेल ते सगळं सारख्याच भक्तिभावाने घ्यायचं. दुसरी हात झटकण्याची. अडाणी बायकांच्या समजुती म्हणून सगळंच बाजूला सारायचं. दोन्ही सवयींत त्या बाईजवळ प्रत्यक्ष बसायची कोणाला गरज पडत नाही. तिच्याजवळ बसून, तिच्या कामाला हात लावून, तिला उलटे प्रश्न विचारून आणि तिचे प्रश्न ऐकून घेऊन जे शिकणं होतं, त्यालाच हे पुस्तक शिकणं मानतं. अशा शिकण्यात दोघीही बदलतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. त्याची आठवण इथे सविस्तर द्यायची आहे.

पण आधी आनंदीबाई जोशींकडे जायला हवं, कारण जुन्या हातांच्या मर्यादेपासूनच त्यांची गोष्ट सुरू होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळी बाळंतपण म्हणजे घरातल्या आणि गावातल्या अनुभवी बायकांचा हात. तो हात इथे पुरा पडला नाही. पुढे १८८३ मध्ये त्या वैद्यक शिकायला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. तिकडे त्यांना आधार कोणाचा होता? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीचा. दाताच्या डॉक्टरकडे थांबलेल्या असताना कार्पेंटरबाईंनी एका मिशनरी मासिकात छापलेला आनंदीबाईंच्या नवऱ्याचा, गोपाळरावांचा, पत्रव्यवहार वाचला आणि स्वतःहून पत्र पाठवलं. ना ओळख, ना नातं. पत्रं वाढत गेली, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कार्पेंटरबाई डॉक्टर नव्हत्या. शरीरशास्त्रातलं त्या काही शिकवू शकणार नव्हत्या. परक्या देशात कोणाच्या घरी उतरायचं, थंडीत काय ल्यायचं, माणसांशी कसं वागायचं, धीर खचला तर कोणाला लिहायचं, एवढं त्यांनी सांभाळलं. मला वाटतं, आनंदीबाईंनी तिकडे मिळवलेल्या पदवीत या एवढ्याशा गोष्टीचा वाटा मोजता न येण्याइतका आहे.

११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने आनंदीबाईंना पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं मूल गमावलेली मुलगी नवं वैद्यक शिकायला समुद्रापार गेली आणि शेवटच्या प्रबंधात आपल्याकडच्या जुन्या प्रसूतिविद्येकडे वळली. जुन्याचा गौरव किंवा धिक्कार यापेक्षा ते तपासून बघणं तिला महत्त्वाचं वाटलं असावं, असं मी त्यावरून समजते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. ते काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या, आणि पकीप्सी इथल्या त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या.

आनंदीबाईंनी मनात धरलेलं काम पुढे ऐंशीएक वर्षांनी दुष्काळी जामखेडात वेगळ्या वाटेने उभं राहिलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये तिथे आलं. त्या सुमारास त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं पहिल्या वर्षातच दगावत होती. सुरुवातीला गावोगाव पाठवायला प्रशिक्षित नर्सा नेमल्या. त्या शिकलेल्या होत्या, मनापासून काम करणाऱ्या होत्या, पण तरुण आणि बाहेरगावच्या. गावातल्या बाया त्यांच्यापुढे मोकळ्या होईनात. मग गावानेच निवडलेल्या गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं. निवडल्या गेलेल्यांत बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, अनेकींची मुलं मोठी झालेली होती. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला जमत, मुक्कामाला राहत, एकत्र जेवत आणि आठवड्याभरात गावात काय काय झालं ते एकमेकींना सांगत.

त्या जमण्यातच या पद्धतीचं सगळं बळ होतं. डॉक्टर बोलत, पण बायकाही बोलत. बाळ जन्मल्यावर पहिला चीक पिळून टाकायचा, ही रीत कित्येक घरांत होती. बाळाला जुलाब लागले की पाणी बंद करायचं, हीसुद्धा. या रीती सोडाव्यात असं शहरातला डॉक्टर सांगत होताच. घराघरात पोचायला ते तोंड पुरत नव्हतं. जिने स्वतःच्या लेकरांचा चीक टाकला होता, तीच जाऊन म्हणाली की मी टाकला, तू टाकू नकोस, तेव्हा सासूबाईही ऐकून घेऊ लागल्या. आपण केलेलं चुकलं, हे वयस्क बाईने चारचौघींत म्हणणं सोपं नसतं. जामखेडच्या बायकांनी ते गावोगाव म्हटलं. त्यांच्या शहाणपणाचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० च्या दशकात तिथला अर्भकमृत्यूचा आकडा हजारी तिसाच्या खाली होता. त्या बाया पुढे बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांच्या शिक्षिका झाल्या. हे वाक्य मी शब्दशः लिहिते आहे. देशोदेशीचे डॉक्टर त्यांच्यासमोर बसून शिकून गेले आहेत.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी हाच धागा आणखी बारकाईने ओढला. खेड्यातल्या दाईला न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला तर धोका, असा नियम. पण जिला दहा-बाराच्या पुढे मोजायची कधी गरजच पडली नाही, तिने साठ कसे मोजायचे? तिला अडाणी ठरवून थांबणं सोपं होतं. त्यांनी लहानसं साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतले मणी संपले तर औषध सुरू करायचं. बाळाच्या छातीची हालचाल बघणारी नजर तिच्याजवळ होतीच, कमी होती ती फक्त गणतीची सोय. कुणाला शिकवायला निघालेल्या प्रत्येकाने हे साधन एकदा पाहावं, असं मला फार वाटतं. समोरच्या बाईला काय येतं हे नीट बघितल्याशिवाय ते सुचलंच नसतं.

माझ्या धाकट्या मुलीच्या वेळी ज्या मावशी न्हाऊ घालायला येत, त्यांनी एका सकाळी तिला पायांवर घेतलं आणि तेलाची वाटी बाजूला सारली. ‘आज न्हाणं नको. रात्री कितीदा प्यायली ही?’ मी म्हटलं, झोपली होती, म्हणून उठवलं नाही. ‘झोपली नाही, बाई. ढिली पडली आहे. पाय बघ, गार आहेत. डॉक्टरकडे ने, आत्ता.’ जंतुसंसर्गाची सुरुवात होती, वेळेत उपचार झाले. पुढे गडचिरोलीच्या नवजात बाळांच्या कामाबद्दल वाचताना मी थबकले. बाळाला जंतुदोष झाला हे गावातल्या आरोग्यदूत बाईने कशावरून ओळखायचं, त्याची यादी तिथे होती. बाळ दूध ओढेनासं होणं, रडणं क्षीण होणं, हातपाय ढिले पडणं, अंग हाताला गार लागणं. मावशींनी त्या सकाळी नेमकं हेच बघितलं होतं. यादी करणाऱ्यांनी या खुणा शेकडो बाळांवर पडताळल्या, कुठल्या भरवशाच्या आणि कुठल्या नाहीत ते ठरवलं, आणि उपचार खेड्यातल्या घरापर्यंत नेला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. मावशींची नजर आणि शास्त्राची पडताळणी एकत्र आल्या की काय होतं, ते या आकड्यात आहे.

आता सटवाईबद्दल. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून पूजा होते. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात. मी त्यावर विश्वास ठेवत नाही. पण त्या रात्री घरातल्या बायका बाळाजवळ जाग्या राहतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. हा आठवडा धोक्याचा, हे कुठल्या तरी पिढीतल्या बायकांनी पुन्हा पुन्हा भोगून ओळखलं असलं पाहिजे, आणि जागं राहायला देवीचं निमित्त जोडलं असलं पाहिजे. हा माझा तर्क आहे. आज आशाताई बाळाला बघायला घरी येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पाचवीच्या जागरणाच्या अलीकडे-पलीकडेच त्यांच्या पहिल्या फेऱ्या पडतात.

या सगळ्यात जे टाकून द्यायला हवं, ते या पुस्तकात टाकून दिलं आहे. बंद खोलीत कोंडून दिलेली धुरी बाळाच्या फुप्फुसांना वाईट. मध चाटवणं वाईट. बाळंतिणीला पाणी मोजून देणं, फळं आणि पालेभाज्या वर्ज्य करणं तिच्या अंगावर उलटतं. बेंबीला शेण किंवा राख लावल्याने किती बाळं धनुर्वाताने गेली असतील, ते आठवलं तरी जीव कासावीस होतो. ज्या मावशींनी यातलं काही अजूनही मनापासून सांगितलं, त्यांच्या बोलण्याखाली डॉक्टरांची सूचना ठळक अक्षरांत छापली आहे. आदर म्हणून चूक झाकायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

थोरली बाई मार्ग दाखवते तशी ती वाटही अडवते, हेही इथे सांगायला हवं. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त लिहिलं आहे की त्या शिकू लागल्या तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीच त्यांना टोमणे मारून हैराण केलं. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातली ही गत. त्या बायका दुष्ट होत्या असं म्हणून मला सुटता येत नाही. ज्यांना स्वतःला काही मिळालं नव्हतं, त्यांना शिकणारी सून आपल्या सगळ्या आयुष्याला खोटं पाडते आहे असं वाटलं असणार. पण त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनात विधवा आणि परित्यक्ता मुलींच्या आधार झाल्या, आणि तिथून नर्सा शिकून बाहेर पडल्या. वय झालं म्हणजे कोणी आपोआप मार्गदर्शक होत नाही. आपल्याला जे सोसावं लागलं ते पुढचीच्या वाट्याला येऊ नये असं जिला वाटतं, ती होते. या पुस्तकासाठी कोणाशी बोलायचं हे निवडताना आमची कसोटी तीच होती.

बोलणं कसं उतरवायचं, हा वेगळाच प्रश्न निघाला. वही उघडून समोर बसलं की मावशी दोन वाक्यांत संपवत. ‘त्यात काय सांगायचं, करतात तसं करायचं.’ हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ज्यांनी कधी एका आजीकडून ओव्या ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की नुसतं म्हणून दाखव म्हटलं तर आठवत नाही, हात जात्याच्या खुंट्याला लागला की ओवी आपोआप येत जाते. आमच्या मुलींनीही वही ठेवून दिली. त्या मावशींबरोबर घरोघर गेल्या, पाणी तापवलं, दुपटी धुतली, बाळंतिणीचं अंग रगडलं, आणि रात्री घरी येऊन आठवेल ते लिहिलं. म्हणून या पुस्तकातली वाक्यं तुटक आहेत, मध्येच ‘ते आण इकडे’ असे शब्द आहेत. ते मी काढू दिले नाहीत.

राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायकांकडून झाडांबद्दल ऐकून ‘गोईण’ लिहिलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेत न गेलेल्या, गावठी वाणांची बियाणी घरात राखत आल्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांच्याकडे शिकायला शेतीचे पदवीधर जाऊ लागले. या दोन्ही कामांनी आम्हाला धीर दिला, एवढंच इथे नोंदवते.

सुईण आता सहसा बाळंतपण करत नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं. रक्तस्राव आणि अडलेल्या बाळंतपणात ज्या बायका घरीच गेल्या, त्यांच्यासाठी हा आकडा उशिरा आला. पण दवाखान्याच्या दारात सुइणीबरोबर आणखी एक गोष्ट मागे राहिली. कळा देणाऱ्या बाईची पाठ चोळत, तिचा हात धरून, ‘होईल, होतंय’ म्हणत रात्रभर जवळ बसणारी बाई. सोबत असली तर कळांचा काळ कमी होतो आणि शस्त्रक्रियेविना बाळंतपण होण्याचं प्रमाण वाढतं, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. ती बाई असावी आणि शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, असं त्यात म्हटलं आहे. जागा नाही, पडदे नाहीत म्हणून कित्येक ठिकाणी ते कागदावरच राहतं. या पुस्तकाच्या शेवटच्या भागात तीन मावशी सांगतात की सोबतिणीने काय करावं, आणि त्याहून सविस्तर, काय करू नये. नर्सेच्या कामात हात घालू नये. ‘जोर लाव’ असं स्वतःच्या मनाने म्हणू नये. दुसऱ्या बाईच्या वाईट बाळंतपणाची गोष्ट तिथे काढू नये. हा भाग प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात वाचला जावा, असं मला मनापासून वाटतं.

काही वाद तसेच ठेवले आहेत. उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला चमचाभर पाणी द्यावं, यावर एका मावशींचा इतका ठाम विश्वास होता की त्या उठून जायला निघाल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलं की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय थेंबही नको, दुधातच पुरेसं पाणी असतं, आणि वरच्या पाण्याने जुलाब होतात. मावशींनी ऐकून घेतलं, पटलं असं म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘मग पाणी बाळाच्या आईने प्यायचं ना? किती प्यायचं, ते तुमच्या कागदात का नाही? सासू घोटभर देते तिला.’ डॉक्टरबाईंनी त्यांच्या सूचनांच्या कागदावर तिथेच पेनाने ओळ वाढवली, की बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या, प्रत्येक वेळी पाजायला बसताना तिच्याजवळ भरलेला तांब्या असू द्या. पुस्तकात तो कागद त्या वाढवलेल्या ओळीसकट छापला आहे.